खाण बंद झाल्यानंतरची पानं आधी वाच

प्रिय पोरी,

भूजलाचं शिक्षण पुरं करून तू अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात रुजू होणार आणि लवकरच कुठल्या तरी सोन्याच्या खाणीचा पर्यावरण अहवाल तुझ्या टेबलावर येऊन पडणार, हे कळल्यापासून तुला लिहायचं मनात होतं. सरावासाठी स्टिबनाइट या तिथल्याच सोन्याच्या खाण प्रकल्पाचा अहवाल घेतलास, हे उत्तम केलंस. पहिला मसुदा 2020चा, पुरवणी मसुदा 2022चा, अंतिम अहवाल सप्टेंबर 2024चा आणि फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे तिथल्या केंद्रीय वनखात्याची, मंजुरी जानेवारी 2025ची. कोणी काय हरकत घेतली, त्यातून आराखडा कुठे बदलला आणि कुठे जागचा हलला नाही, सगळं कागदावर आहे. चालू प्रकरणात अशी सोय नसते.

एवढं बाड वाचायला सुरुवात कुठून करायची, असं विचारलंस. शेवटून कर. गावाकडे जमीन घेताना जाणता माणूस सातबाऱ्यावरचं क्षेत्र नंतर बघतो, आधी 'इतर हक्क'चा रकाना बघतो, कारण बोजा तिथे चढवलेला असतो. खाणीचा बोजा खाण बंद झाल्यानंतरच्या प्रकरणात असतो. रोजगार, रस्ते, धूळ, ट्रकांच्या फेऱ्या हे सगळं खाण चालू असतानाचं. त्याकडे लोकांचं लक्ष असतंच. शेवटचा कामगार घरी गेल्यावर पाण्याचं काय, हे वाचायला फार थोडे जण पोहोचतात.

आधी आकाराचा अंदाज घे. स्टिबनाइटच्या खनिजात टनामागे साधारण दीड ग्रॅम सोनं आहे. म्हणजे एका तोळ्यासाठी आठेक टन खनिज दळायचं, आणि ते खनिज उघडं पाडायला वरचा दगड काढायचा तो वेगळाच. सोनं निघून जातं. दळलेला गाळ दरीतच राहतो, दहा कोटी टनांहून अधिक, मेडो क्रीकच्या खोऱ्यात बांधामागे साठवलेला. त्याखाली अस्तर असेल, सोनं विरघळवायला वापरलेलं सायनाइड आधी निष्प्रभ केलेलं असेल, हे सगळं खरं आहे. पण गाळ दबत जातो तसं त्यातून पाणी सुटत राहतं, आणि या भागातल्या दगडात आर्सेनिक आणि अँटिमनी ही विषारी मूलद्रव्यं मुळातच आहेत. सोनं काढण्याचं काम साधारण पंधरा वर्षांचं आणि पाण्यावरची प्रक्रिया मात्र सुमारे चाळिसाव्या वर्षापर्यंत, असा अहवालाचाच अंदाज आहे. या दोन आकड्यांमधली पंचवीस वर्षं हा तुझा विषय. तेव्हा उत्पन्न शून्य असेल आणि पंप चालू असतील. वीजबिल कोण भरणार, कंपनीच उरली नाही तर तिने सरकारकडे ठेवलेली हमीची रक्कम पुरेल का, चाळीसचे साठ झाले तर काय, हे विचारायला लाजू नकोस. हमीचा हिशेब कुठल्या खर्चावर धरलाय, ते आकडे माग.

यात मी उगाच अशुभ बोलतोय असं वाटलं तर दोन नावं शोध. कोलोरॅडोतली समिटव्हिल ही खाण 1986 मध्ये सुरू झाली आणि 1992च्या अखेरीस कंपनीने दिवाळं काढलं. आलमोसा नदीचं जे झालं ते निस्तरायला सरकारचे 15 कोटी डॉलरहून अधिक गेले. मोंटानातली झॉर्टमन-लँडस्की, फोर्ट बेल्कनॅप आदिवासी क्षेत्राला लागून. कंपनी 1998 मध्ये बुडाली. तिथलं आम्लयुक्त पाणी आजही शुद्ध करावं लागतं आणि पुढेही करावंच लागणार आहे. दोन्हीकडे उघड्यावर खनिजाचे ढीग रचून त्यांवर सायनाइडचं पाणी सोडत असत. स्टिबनाइटला ते काम टाक्यांत करायचं योजलंय. हा फरक मोठा आहे. तो झाकून दोन्हींना एकाच मापाने मोजलंस तर समोरचा भूगर्भशास्त्रज्ञ तुझं बाकीचं म्हणणं ऐकणारच नाही.

आता एक काम कर: कायपर्स आणि मेस्ट यांचा 2006चा अभ्यास मिळव. त्यांनी अमेरिकेतल्या 25 खाणींचे जुने अहवाल काढले आणि त्यात वर्तवलेली पाण्याची गुणवत्ता प्रत्यक्षाशी ताडून पाहिली. 19 खाणींत खाणकामामुळे पाण्याने मानकं ओलांडली होती. गंमत अशी की उपाययोजना केल्यावर पाणी ठीक राहील, असंच बहुतेक अहवालांत लिहिलेलं होतं. मंजुरी मिळाल्यावर जुना अहवाल उघडून कोणी ताडून बघत नाही, हे मला या व्यवसायातलं सगळ्यात मोठं दुखणं वाटतं.

नंतर आधाररेषेकडे ये. प्रकल्पाआधी पाणी, मासे, झाडं कशी होती याच्या नोंदी. स्टिबनाइटची गोची इथेच आहे, कारण ती जागा कोरी नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथून टंगस्टन आणि अँटिमनी निघालं, आणि जुना कचरा नदीकाठी तसाच पडून राहिला. सामन नदीच्या साउथ फोर्कचा ईस्ट फोर्क हा फाटा जुन्या यलो पाइन खड्ड्यात कोसळतो. तो धबधबा माशांना चढता येत नाही, म्हणून 1938पासून चिनूक सामन हा मासा वरच्या भागात आपणहून पोहोचलेला नाही. कंपनीचा युक्तिवाद असा की आम्हाला खणू द्या, त्याच पैशातून नदी दुरुस्त होईल. हे निव्वळ थापेबाजी म्हणून उडवून लावू नकोस. फक्त 'काहीच केलं नाही तर' हा पर्याय कसा मांडलाय ते बघ. खाण नाही म्हणजे सफाईही नाही, असं त्यात गृहीत आहे का? जुन्या कचऱ्याच्या सफाईबद्दल 2021 मध्ये सरकारशी स्वतंत्र करार झालेला आहे. मग तुलना कशाशी चाललीय?

माशांसाठीची योजना जवळून वाच, कारण अशा अहवालांची खुमारी अशाच ठिकाणी कळते. खड्डा खणला जात असताना नदी सुमारे दीड किलोमीटरच्या बोगद्यातून वळवायची, त्यातच माशांची वाट, आत दिवे. खणून झालं की खड्डा भरायचा आणि भरावावर नवी नदी बांधायची. कागदावर ठाकठीक. मी इथे तीन गोष्टी विचारीन. एवढ्या लांबीच्या बोगद्यातून या जातीचा मासा वर चढल्याचा अनुभव कुठला आहे? चढला नाही तर दुसरी व्यवस्था काय? आणि तो चढला की नाही हे ठरवायचं कोणी, किती वर्षांनी? अंमलबजावणीत सगळ्यात जास्त वाद या तिसऱ्याच प्रश्नावरून होतात.

नेझ पर्स या तिथल्या आदिवासी लोकांचं म्हणणं वाचताना ते 'भावनिक' या खणात टाकू नकोस. आपल्या नेहमीच्या ठिकाणी मासेमारीचा हक्क त्यांना अमेरिकी सरकारशी झालेल्या 1855च्या करारानेच आहे, आणि साउथ फोर्कमध्ये सामन टिकवायला त्यांचं स्वतःचं मत्स्य खातं राबतं. त्यांच्या टिपणांतलं जलशास्त्र मला कित्येक सल्लागारांच्या टिपणांपेक्षा भक्कम वाटलं.

कायद्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नकोस. 1872च्या खाण कायद्यानुसार खुल्या सरकारी जमिनीवरच्या सोन्यावर हक्क सांगता येतो, आणि केंद्र सरकारला त्यावर रॉयल्टीही द्यावी लागत नाही. 1970चा पर्यावरण धोरण कायदा सरकारला परिणाम तपासायला लावतो. वाईट निर्णय घेऊच नका असं तो म्हणत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केलं. त्याच न्यायालयाच्या मे 2025च्या निकालाने तर न्यायालयांनी अशा अहवालांत फार खोल शिरू नये असं सांगितलं. या कायद्यातल्या 2023च्या दुरुस्तीने अहवालाला 150 पानांची, फारच गुंतागुंतीचा असेल तर 300 पानांची मर्यादा घातली. परिशिष्टं त्यात मोजत नाहीत, म्हणून खरा ऐवज तिकडे सरकतो. परिशिष्टं सोडू नकोस.

आपल्याकडचे अहवाल बघून तू इथल्यांना हसणार नाहीस, याची खात्री आहे. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात स्प्रूस आणि बर्चची जंगलं होती. रशियातल्या खाणीचा मजकूर तसाच उचललेला. इथे इतकं उघडं काही सापडणार नाही. इथली नक्कल सभ्य असते: दुसऱ्या खोऱ्यातल्या खडकाची पाझरक्षमता या खोऱ्याला लावलेली, आणि तळटीप परिशिष्टात.

हरकत लिहिताना एक नमुना डोळ्यांसमोर ठेव. 'या खाणीने नदीचा सत्यानाश होईल' असं लिहिलंस तर 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येईल. त्याऐवजी लिही: 'झाडं तोडल्याने सावली जाते आणि पाणी तापतं, हे तुम्ही मान्य केलं आहे. तापमानाचं गणित लागवडीतली झाडं ठरलेल्या वेगाने वाढतील असं धरतं. पहिल्या पाच वर्षांत निम्मी रोपं मेली तर सामन अंडी घालतो त्या पट्ट्यात उन्हाळ्याचं तापमान किती होईल? तो आकडा द्या, किंवा का देता येत नाही ते लिहा.' याला टाळता येत नाही. स्टिबनाइटच्या वेळी पुढच्या टप्प्यात आक्षेप घ्यायचा तर आधी मुदतीत लेखी आणि नेमकी हरकत दिलेली असणं आवश्यक होतं. मुदतीची तारीख भिंतीवर लाव.

अँटिमनीबद्दल तू उत्साहाने लिहिलंस. चीनने डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेला होणारी निर्यात बंद केल्यावर तो विषय तापला, आणि दारूगोळ्यासाठी ते लागतं हे खरंच आहे. पण उत्पन्नाचं कोष्टक काढून बघ: बहुतांश पैसा सोन्याचा आहे. देशाची गरज म्हणून जे सांगितलं जातं त्याचा आणि खड्ड्याच्या आकाराचा संबंध किती, हे तू स्वतः मोज. माझं मत मी इथे लिहीत नाही, नाहीतर तू तेच घेऊन बसशील.

फेब्रुवारी 2025 मध्ये काही पर्यावरण संस्थांनी मंजुरीविरुद्ध दावा लावला आहे. त्यांचा तक्रार अर्ज अहवालाच्या शेजारी ठेवून वाच. कुठल्या मुद्द्यावर त्यांनी जोर दिला आणि कुठला सोडून दिला, ते खुणा करून ठेव. मग पाण्याच्या प्रकरणावर दोन पानांचं टिपण लिहून मला पाठव. प्रत्येक आकड्यापुढे परिशिष्टाचं नाव आणि पान क्रमांक हवा. ते नसेल तर मी न वाचताच परत करीन.

तुझा,
काका