झोपलेल्या माणसाच्या मनातले कसे कळते?

प्रश्न : माझी मुलगी बारावीला मानसशास्त्र हा विषय घेऊन शिकते आहे. झोपेच्या एका अवस्थेत बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलतात आणि त्याच वेळी स्वप्ने पडतात, असे तिने मला सांगितले. मला तर स्वप्ने पडतच नाहीत. शिवाय झोपलेल्या माणसाला स्वतःलाच शुद्ध नसते, मग त्याच्या मनात काय चालले आहे हे बाहेर बसलेल्या शास्त्रज्ञाला कसे कळणार? याला विज्ञान म्हणायचे की अंदाज?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमची शंका अगदी मुळाला हात घालणारी आहे. जाणिवेला साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे ज्याची जाणीव तो. आणि झोपेत तोही हजर नसतो. त्यामुळे जागे झाल्यावर तो जे सांगेल त्यावर विसंबावे लागते, आणि आठवण तर विरते, बदलते, कधी कधी विचारणाऱ्याला काय ऐकायचे आहे त्याप्रमाणे वळणही घेते. ही अडचण आजही पूर्णपणे सुटलेली नाही. मात्र तिला आवर कसा घालायचा, हे संशोधकांनी कष्टाने शोधून काढले आहे.

१९५१ च्या अखेरीस शिकागो विद्यापीठात नॅथॅनियल क्लाइटमन यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या युजीन ॲसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड लावून रात्रीच्या झोपेची नोंद घेतली. कागदाच्या पट्टीवर संथपणे सरकणाऱ्या लेखण्या मध्येच जोराने उसळू लागल्या. मूल मात्र गाढ झोपेत होते. यंत्र जुने असल्याने पहिला संशय यंत्रावरच गेला. दोन्ही डोळ्यांच्या नोंदी स्वतंत्रपणे घेतल्यावर ते खरोखरच एकत्र हलत असल्याचे दिसले, आणि मग प्रौढांवर पद्धतशीर प्रयोग सुरू झाले. डोळे हलत असताना झोपलेल्यांना २७ वेळा उठवून विचारले, तेव्हा २० वेळा त्यांनी तपशीलवार स्वप्न सांगितले. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवले, तेव्हा १९ वेळा त्यांना काहीही आठवले नाही. हे आकडे १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. यात मला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. केवळ डोळे हलत असतानाच उठवून पाहिले असते, तर झोपेत केव्हाही उठवले तरी माणूस स्वप्नच सांगतो की काय, ही शंका कायम राहिली असती. तुलनेसाठी दुसरी बाजू तपासणे हा प्रयोगाचा कणा असतो.

तरीही एक वाट उघडी राहते: उठवणारा माणूस नकळत काही सुचवत असेल तर? म्हणून १९५७ च्या अभ्यासात विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी पलंगाजवळ साधी दारावरची घंटा बसवली. घंटा वाजली की झोपलेल्याने जागे होऊन शेजारच्या ध्वनिमुद्रण यंत्रात स्वप्न सांगायचे, आणि ते सांगून होईपर्यंत संशोधकाने त्याच्याशी बोलायचे नाही. आपले डोळे हलत होते की नव्हते, हेही त्याला कळू दिले जात नसे. याच अभ्यासात डोळ्यांची हालचाल सुरू झाल्यावर पाच किंवा पंधरा मिनिटांनी उठवून, स्वप्न यांपैकी किती वेळ चालले होते असे विचारण्यात आले. १११ पैकी ९२ वेळा उत्तर बरोबर निघाले. माणसाचे सांगणे आणि यंत्राची नोंद या दोन स्वतंत्र गोष्टी इतक्या जुळल्या, म्हणूनच त्या सांगण्यावर विश्वास ठेवायला आधार मिळाला.

आता तुमच्या मुलीने सांगितलेल्या वाक्यात थोडी दुरुस्ती करायला हवी. १९६२ मध्ये डेव्हिड फोक्स यांनी, डोळे स्थिर असतानाच्या झोपेतूनही माणसे बऱ्याच वेळा काही ना काही मनोव्यापार घेऊन जागी होतात, असे दाखवले. ‘स्वप्न पडले का?’ आणि ‘आत्ता मनात काय चालले होते?’ या दोन प्रश्नांना एकच माणूस वेगवेगळी उत्तरे देऊ शकतो. त्यामुळे जलद नेत्रहालचालीच्या झोपेत स्वप्ने अधिक वेळा आणि अधिक ठसठशीत आढळतात, इतके म्हणता येते. तेवढ्यातच पडतात, असे नाही.

पुढे स्टॅनफर्डमधील स्टीफन लाबर्ज यांनी आपण स्वप्नात आहोत याचे भान राखू शकणाऱ्या माणसांशी आधीच संकेत ठरवून घेतले. जलद नेत्रहालचालीच्या झोपेत हातापायांचे स्नायू शिथिल पडतात, पण डोळे मोकळे असतात. १९८१ च्या अहवालात स्वप्न चालू असतानाच ठरलेल्या रीतीने डोळे हलवून दिलेले संकेत यंत्राने नोंदवल्याचे आढळते. मला तरी झोपेच्या संशोधनातला हा सर्वांत विलक्षण पुरावा वाटतो.

तुम्हाला स्वप्ने पडत नाहीत, याबद्दल : असे सांगणाऱ्यांना प्रयोगशाळेत योग्य क्षणी उठवले असता त्यांनीही स्वप्ने सांगितली आहेत, जरी इतरांपेक्षा कमी वेळा. डोळे वेगाने हलण्याची ही अवस्था साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. त्यामुळे नेहमीच्या वेळेआधी थोडा गजर लावावा आणि अंथरुणातून न उठता जे आठवेल ते लगेच लिहून ठेवावे.

प्रश्न : रात्री पाठ करून झोपले तर लक्षात राहते, असे आजी म्हणते. हे खरे आहे का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगट पाठ करायला लावले, आणि काही तासांनी त्यांतले किती आठवतात ते पाहिले. तेवढा वेळ झोपून काढल्यावर, जागे राहिल्यापेक्षा कितीतरी अधिक अक्षरगट आठवले. निष्कर्ष आजीच्या बाजूचा आहे, पण माणसे दोनच होती, आणि झोप रात्री तर जागेपण दिवसा असल्याने पाठांतराची वेळही बदलत होती. नंतरच्या अनेक प्रयोगांत या उणिवा भरून काढल्यावरही झोपेचा फायदा बऱ्याचदा दिसला. तो नव्या माहितीची गडबड टळल्यामुळे होतो की मेंदू झोपेत आठवण पक्की करतो म्हणून, यावर दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करण्याला मात्र यांपैकी कोणत्याही बाजूचा आधार नाही.