क्लोरीन टाकलेल्या पाण्याची पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्यात जिवंत जिवाणू आहेत असं समजायचं का?

नाही, नुसत्या पीसीआरवरून तसं म्हणता येत नाही. विहिरीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकली की ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू, मरतात, पण त्यांचा डीएनए लगेच नाहीसा होत नाही. पीसीआर म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो शोधणारी चाचणी. तिला फक्त डीएनए सापडतो. तो जिवंत पेशीतला की मेलेल्या, हे तिला कळत नाही.

यावर मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे पीएमए, अर्थात प्रोपिडियम मोनोअझाइड हा रंग. पाणी गाळून मिळालेल्या जिवाणूंत तो मिसळतात आणि नमुना काही मिनिटं अंधारात ठेवतात. जिवंत पेशीचं आवरण शाबूत असतं, त्यामुळे रंग आत शिरत नाही. मेलेल्या पेशीच्या फाटक्या आवरणातून तो आत जातो आणि प्रखर प्रकाश सोडला की डीएनएला कायमचा चिकटतो. अशा डीएनएच्या प्रती पीसीआरला काढता येत नाहीत. उरलेला सिग्नल मुख्यतः जिवंत पेशींचा.

अतिनील दिव्याने शुद्ध केलेल्या पाण्यात मात्र ही पद्धत फसते. तिथे डीएनए बिघडतो, आवरण तसंच राहतं, म्हणून मेलेले जिवाणूही जिवंतात मोजले जातात.

मग जिवाणू सरळ पोषक द्रव्याच्या प्लेटवर वाढवूनच का पाहू नयेत? कारण कॉलराचा जिवाणू थंड पाण्यात जिवंत असूनही प्लेटवर न वाढण्याच्या अवस्थेत जातो. तरी गावच्या विहिरीसाठी आधी वाढवण्याचीच चाचणी करा: पिण्याच्या 100 मिली पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये.