घडी मोडलेली साडी आणि कच्ची चिठ्ठी

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातले. मुलीच्या लग्नाचा बस्ता सांगलीतल्या एका मोठ्या दुकानात बांधला. एकूण ४७,३५० रुपये झाले. २०,००० यूपीआयने दिले, उरलेले रोख. पक्कं बिल मागितलं तर ‘मग कर वाढेल’ म्हणाले आणि एका चिठ्ठीवर नुसते आकडे लिहून दिले. त्यातली ११,८०० ची साडी ‘प्युअर सिल्क’ म्हणून दिली होती. साखरपुड्यात मुलीने ती पहिल्यांदा नेसली. दोन तासांत घामाने काठाचा मरून रंग अंगावर उतरला, निऱ्यांवर डाग पडले, ब्लाउजही खराब झाला. खरेदीनंतर चौदाव्या दिवशी दुकानात गेलो. मालक म्हणाले, ‘घडी मोडली की साडी परत नाही, बोर्ड वाचा.’ मग सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, ‘फंक्शन उरकून साड्या परत आणायची ही नवी पद्धत निघालीय.’ निघताना त्यांच्या मुलाने जिन्याच्या तोंडाशी अडवून पिशवी उघडून दाखवायला लावली. दुकानदार व्याह्यांच्या ओळखीचे आहेत, म्हणून यजमान म्हणतात, सोडून दे. मला पैशांपेक्षा ते बोलणं लागलंय. काही करता येईल का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

करता येईल. पण तुमच्या पत्रात दोन दुखणी एकत्र आली आहेत, एक साडीचं आणि एक अपमानाचं. कायदा साडीच्या बाजूने फार बळकट आहे. तुसड्या बोलण्याच्या बाबतीत मात्र त्याचा हात आखडता आहे. म्हणून तक्रार साडीची करा आणि अपमान तिच्यात गुंफा. उलटं केलंत, तर ‘बाई चिडून आल्या आहेत’ एवढंच समोरच्याला म्हणायला सापडेल.

आधी ‘घडी मोडली’ हे वाक्य बघू, कारण सगळी आडवणूक त्याच्यावर उभी आहे. माझ्या वडिलांनी कितीतरी वर्षं एका कापड दुकानात गादीवर बसून साड्या दाखवल्या. परत आलेली साडी ते आधी उजेडात नेत, काठ ओल्या बोटाने चोळून बघत आणि मगच गिऱ्हाइकाशी बोलत. घडी मोडल्याचा नियम त्यांच्याही दुकानात होता. पण तो मन बदललेल्या गिऱ्हाइकासाठी होता, ‘घरी कुणाला रंग आवडला नाही’ म्हणणाऱ्यासाठी. खराब निघालेल्या मालाला तो कधी लावला गेला नाही, आणि कायदाही हाच फरक करतो.

१९३० चा मालविक्री कायदा सांगतो की माल नीट तपासून घेतला असेल, तर तपासताना दिसायलाच हवा होता अशा दोषाबद्दल नंतर ओरडता येत नाही. काठाला भोक होतं, पदराची जर तुटलेली होती, तर ते दुकानातच बघायला हवं होतं. पण घामाने रंग सुटणार हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कुणाला दिसतं? तो दोष घडी मोडल्याशिवाय कळूच शकत नाही. मग घडी मोडली हाच गुन्हा कसा ठरेल?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याहून पुढे जातो. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलं आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यांतली एक. बिलावर मुदत छापलेली असेल तर त्या मुदतीत, छापलेली नसेल तर तीस दिवसांत. तुम्ही चौदाव्या दिवशी गेलात. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा बोर्ड कितीही मोठ्या अक्षरांत असला, तरी सदोष मालापुढे तो चालत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बस्त्यातली दुसरी एखादी साडी नुसती नावडली म्हणून बदलून हवी असेल, तर तो तुमचा कायदेशीर हक्क नाही. दुकानदाराने बदलून दिली तर तो त्याचा चांगुलपणा. तक्रारीत ती मागणी घुसवू नका.

आता चिठ्ठी. त्यांनी पक्कं बिल दिलं नाही, याची तुम्हाला लाज वाटते आहे असं पत्रातून जाणवलं. लाज त्यांना वाटायला हवी. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमातली अनुचित प्रथा आहे, आणि बिल नाही म्हणून तुमचं ग्राहकपण संपत नाही. यूपीआयची २०,००० ची नोंद, त्यावरचं दुकानाचं नाव, बँकेच्या खात्यातली तीच रक्कम आणि तीच तारीख, चिठ्ठीवरचं हस्ताक्षर, दुकानाचं नाव छापलेली पिशवी आणि साडीचा खोका, साडीला लावलेला किमतीचा टॅग, हे सगळं मिळून बिलाचं काम करतं. फॉल-पिको करणाऱ्या ताईंनी पावती दिली असेल तर तीही ठेवा, म्हणजे साडी त्या तारखेपर्यंत नेसलेली नव्हती हे दिसेल. साखरपुड्याचे फोटो मूळ फोनमध्ये तसेच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो आणि मूळ फोटो यांत पुराव्याच्या दृष्टीने फरक असतो.

आणि साडी धुऊ नका. ड्रायक्लीनलाही देऊ नका. सासूबाई, जाऊबाई कुणीही म्हणाल्या की मीठ-पाण्यात घालून बघू, तरी नाही. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून डांबरगोळ्यांशिवाय ठेवा, सोबत डागाळलेला ब्लाउज. ही साडीच तुमची सगळ्यात मोठी साक्षीदार आहे.

याच ठिकाणी लोक फसतात म्हणून सांगतो. पुढे तुम्ही दुकानदाराला नोटीस पाठवलीत की बहुधा फोन येईल. आवाज एकदम गोड असेल. ‘वहिनी, साडी ठेवून जा, कंपनीला पाठवतो, बघून सांगतो.’ साडी देऊन आलात की पुरावा त्यांच्या कपाटात गेला. द्यायचीच वेळ आली तर दुकानाच्या छापील कागदावर पोच घ्या : साडीचं वर्णन, डाग कुठे कुठे आहेत, किंमत, तारीख, सही. पोच देत नसतील तर साडी घेऊन परत या.

‘प्युअर सिल्क’चा मुद्दा वेगळा आणि कदाचित जास्त भारी आहे. पदराच्या दशांतला एखादा धागा घरीच जाळून बघता येतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. एवढ्यावर केस उभी राहत नाही, पण पुढे जायचं की नाही हे ठरवता येतं. खात्रीसाठी तुमची तक्रार ऐकणारा ग्राहक आयोग साडीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते, म्हणून धागा जाळून बघायला सांगितलं. साडीला सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण असलेलं, लेबल होतं का तेही आठवा. असेल तर जपून ठेवा. लेबल नव्हतं म्हणजे साडी नकली असं नाही, पण रेशीम म्हणून दुसरंच काही विकलं असेल, तर मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही आणखी एक अनुचित प्रथा तुमच्या तक्रारीत जमा होते.

आता त्या बोलण्याकडे येतो. गिऱ्हाइकाशी उर्मट बोललं म्हणून दुकानदाराला आत टाकता येईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ मध्ये अपमानाचा गुन्हा आहे. पण शांतताभंग व्हावा अशा हेतूने मुद्दाम अपमान केला हे दाखवावं लागतं आणि तो अदखलपात्र असल्याने पोलीस नोंद करून तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायला सांगतील. टोमण्यासाठी त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

जिन्यापाशी अडवलं ते मात्र मला साधं वाटत नाही. तुम्हाला जायचा हक्क असताना वाट अडवणं हा त्याच संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. चोरीचा संशय असेल तर पोलिसांना बोलवावं. लोकांच्या पिशव्या उघडायला लावायचा अधिकार दुकानदाराच्या मुलाला कुणी दिलेला नाही. फौजदारी तक्रार करायची का, हे तुम्ही घरी बसून ठरवा. पण ग्राहक तक्रारीत हा प्रसंग तारीख-वेळेसह लिहाच. मानसिक त्रासाची भरपाई मागताना आयोगाला नुसत्या टोमण्यापेक्षा हा प्रसंग जास्त ठोस वाटेल.

यासाठी एक काम या आठवड्यात करा. दुकानाच्या सीसीटीव्हीत तो प्रसंग असणार आणि जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढत असतं. ‘अमुक तारखेला अमुक वेळेचं जिन्यापाशी असलेलं चित्रण जपून ठेवावं’ असं साधं पत्र पोहोच मिळेल अशा रीतीने पोस्टाने पाठवा. त्यानंतर चित्रण ‘नाहीच’ म्हणाले, तर तेही आयोगापुढे मांडता येतं. त्या वेळी दुकानात असलेलं कुणी ओळखीचं निघालं, तर त्यांना आत्ताच विचारून ठेवा.

व्याह्यांचं म्हणाल तर तुमच्या यजमानांची काळजी मला खोटी वाटत नाही. मुलीचं लग्न तोंडावर आहे आणि मांडवात दुकानदार पाहुणा म्हणून बसलेला असेल. पण ग्राहक तक्रार करायला कायद्याने तुम्हाला दोन वर्षं दिली आहेत. सीसीटीव्हीचं पत्र आत्ता पाठवा आणि नोटीस लग्नानंतर काढा. तुमचा हक्क त्याने कमी होत नाही. मधल्या काळात गावच्या ग्रुपवर दुकानाचं नाव टाकून ‘चोर’, ‘लुटारू’ असलं काही लिहू नका. बदनामीचा उलटा दावा ओढवून घ्यायचं कारण नाही.

नोटिशीआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार नोंदवता येते. ती दुकानदाराला भाग पाडू शकत नाही, पण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर पंधरा दिवसांची नोटीस आणि मग सांगलीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. वकील लावणं सक्तीचं नाही, तुम्ही स्वतः बोलू शकता. मी वकील असूनही सांगतो, ११,८०० च्या साडीसाठी तेवढीच फी वकिलाला देऊ नका. दुकानदाराला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. निकाल तीन महिन्यांत, नमुना तपासायचा असेल तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, तेवढी तयारी ठेवा. पहिल्या तारखांना मध्यस्थीचा पर्याय विचारला तर लगेच नाही म्हणू नका. समोरासमोर बसून ‘चुकलं’ हा शब्द ऐकायला मिळण्याची शक्यता निकालपत्रापेक्षा तिथे जास्त आहे आणि तुमच्या पत्रावरून तुम्हाला तोच हवा आहे असं मला वाटतं.

मागणी लिहिताना आकडे फुगवू नका. साडीचे ११,८०० व्याजासह, ब्लाउजचं कापड आणि शिलाई, फॉल-पिकोचे पैसे, मानसिक त्रासाचे १५,००० आणि तक्रारीचा खर्च ५,०००. पाच लाख मागितले की आयोगाच्या नजरेत तुम्ही आणि तो दुकानदार एका पंगतीला बसता. सीसीटीव्हीच्या पत्राचा मसुदा मराठीतच आणि दहा ओळींत करा. तो आधी यजमानांना वाचायला द्या. त्यात भांडण नाही हे बघून, तुम्ही सही करताना ते तुमच्या शेजारी बसतील.