ईटीपीच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी सही करावी का?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यात सेफ्टी टेक्निशियन म्हणून नवीन रुजू. ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची, टाकी आतून साफ करायचीय. मॅनहोलवर चार गॅसचा मीटर (ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेट घेणारे गॅस मोजणारा) धरला, ऑक्सिजन 20.9 टक्के, बाकी तिन्ही शून्य. सुपरवायझर म्हणतो, टाकीत उतरायच्या परमिटवर सही कर.

या आकड्यांवर करू नका. ते टाकीतल्या हवेचे नाहीत, मॅनहोलच्या तोंडाशी असलेल्या हवेचे आहेत. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो गाळावर बसतो. मिथेन हलका, तो स्लॅबखाली साठतो. पंप आणि नळी लावून वर, मध्ये आणि गाळाच्या वीतभर वर असे तीन नमुने घ्या. प्रत्येक ठिकाणी निदान दोन मिनिटं थांबा, नळी लांब असेल तर जास्त. नळी गाळात बुडाली तर फिल्टर पाणी धरतो आणि दिवसाचं काम तिथेच अडतं. सुरुवातीला नळीचं टोक बोटाने दाबून बघा. पंपाचा अलार्म वाजला नाही तर नळी कुठेतरी फुटलीय आणि तुम्ही वरचीच हवा मोजताय.

मीटरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रोज वापराआधी बंप टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमधला ठरावीक गॅस देऊन सेन्सर दाद देतो का ते बघा. सिलिकॉन स्प्रेच्या वाफेनेही एलईएलचा (हवेत गॅस पेट घेऊ शकेल अशा किमान प्रमाणाचा) सेन्सर निकामी होतो, आणि निकामी सेन्सर शून्यच दाखवतो! झिरो, म्हणजे स्वच्छ हवेवर मीटर जुळवणं, एसी ऑफिसमध्ये करू नका. जुलैतल्या ओल्या हवेत वाफच इतकी असते की बाहेर आल्यावर ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या आसपास कमी दिसू शकतो. मग ‘पावसामुळे असेल’ म्हणून खरी घटही सोडून दिली जाते. झिरो बाहेर, जनरेटरपासून लांब, वारा येतो त्या बाजूला उभं राहून करा.

ऑक्सिजन 19.5 च्या वर म्हणजे पास, असं बहुतेक परमिटवर छापलेलं असतं. मला ते अपुरं वाटतं. हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश. तो एक टक्क्याने घटला, म्हणजे 19.9 झाला, तर दुसरा कुठलातरी गॅस जवळपास पाच टक्के, म्हणजे 50,000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 50,000) घरात घुसलेला असू शकतो. तो नायट्रोजन आहे की आणखी काही, हे कळेपर्यंत कोणी उतरू नये.

औषध कारखान्यात दुसरी गफलत सॉल्व्हंटची. टोल्यूइनची आठ तासांची मर्यादा 1948 च्या कारखाने अधिनियमात 100 पीपीएम होती, आणि त्याची एलईएल सुमारे 1.1 टक्के, म्हणजे 11,000 पीपीएम. मीटरवर एलईएलचा फक्त 1 टक्का, म्हणजे 110 पीपीएम, दिसला तरी ती मर्यादा ओलांडली. त्यात मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असेल तर टोल्यूइन आणखी कमी दाखवतो. ड्रेनमध्ये सॉल्व्हंट येत असेल तर पीआयडी मीटर (सॉल्व्हंटची वाफ थेट पीपीएममध्ये मोजणारा) मागा. एलईएल 10 टक्क्यांच्या खाली, एवढ्यावर फक्त स्फोट टळतो. माणसाच्या श्वासाचा हिशेब वेगळा.

खरा धोका मात्र चाचणी पास झाल्यावर सुरू होतो. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद पडून काही दिवस झाले की आपल्या उकाड्यात गाळ कुजतो, आणि हायड्रोजन सल्फाइड त्यातच अडकून राहतो. पहिलं फावडं पडलं की तो एकदम सुटतो. सडक्या अंड्याचा वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं कामगार मानतात. 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. म्हणून आधी बाहेरून जेट मारून गाळ ढवळा, जमेल तेवढा पंपाने काढा, ब्लोअरची डक्ट तळापर्यंत सोडून हवा खेळवा, मग पुन्हा मोजा. काम चालू असताना ब्लोअर चालूच आणि उतरणाऱ्याच्या छातीवर, नाकाजवळ, एक चालू मीटर. जेवणाची सुट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून चाचणी. आत दिवा 24 व्होल्टचा, फ्लेमप्रूफ.

इनलेटचा व्हॉल्व्ह बंद केला, एवढं पुरत नाही; ब्लाइंड (पाइप पूर्ण बंद करणारी चकती) टाका, पंप आणि एरेटरच्या ब्रेकरला स्वतःचं कुलूप लावा.

आता सहीचं. कारखाने अधिनियम, 1948 चं कलम 36, तो कायदा नोव्हेंबर 2025 मध्ये रद्द होईपर्यंत, सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीवर आधारलेला लेखी दाखला मागत होतं. ती पद्धत सोडू नका. तुमच्या कारखान्यात ही सक्षम व्यक्ती कोण, हे आधी लेखी मागा. तुमचं नाव त्यात नसेल तर तुम्ही मोजमाप घेऊन आकडे, जागा आणि वेळ लिहा. दाखल्यावर सही त्या व्यक्तीची, तीही तिने स्वतः मोजल्यावर. सुपरवायझरला हेच सांगा, वाद घालत बसू नका.

बाहेरचा पहारेकरी हलणार नाही आणि आतही उतरणार नाही, हे त्याला त्याच्या भाषेत, बहुतेकदा हिंदी किंवा कन्नडमध्ये, सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. आतला कोसळला की वरचा धावत उतरतो आणि दोघेही जीव गमावतात. ट्रायपॉड, विंच आणि फुल बॉडी हार्नेस आधीच लावलेला हवा; दोर उतरणाऱ्याच्या पाठीच्या डी-रिंगला, कमरेच्या पट्ट्याला नाही. बेशुद्ध माणूस कमरेतून दुमडला की अरुंद मॅनहोलमधून वर येत नाही.