वाचकांचे प्रश्न : हृदयातला पंप आपणहून वेग का वाढवत नाही?

प्रश्न : माझ्या मेव्हण्यांच्या हृदयाला हार्टमेट ३ हा पंप बसवला आहे. त्यांच्या एका मित्राला पेसमेकर आहे आणि चालताना त्याचे ठोके आपोआप वाढतात. मग जिना चढताना या पंपाचा वेग का वाढत नाही? कंट्रोलरवरचा आकडा दिवसभर ५४०० च राहतो. – एक वाचक, सांगली

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. हा पंप मिनिटाला ३००० ते ९००० फेऱ्यांच्या मर्यादेत चालू शकतो; मात्र प्रत्यक्षातला वेग डॉक्टर ठरवून देतात आणि तो रुग्णाला स्वतः बदलता येत नाही. दर दोन सेकंदांनी पंप क्षणभर सुमारे २००० फेऱ्यांनी मंदावतो आणि लगेच ठरलेल्या वेगापेक्षा तेवढाच वर जातो, यावरून तो शरीराला प्रतिसाद देत असावा असा काहींचा समज होतो. ही उघडझाप मात्र केवळ घड्याळावर चालते. पंपात रक्त साचून गुठळी होऊ नये, यासाठीची ती सोय आहे.

वेग वाढवण्याचे गणित अभियंत्यांना जमत नाही असे नाही. निरोगी हृदयाकडे जितके अधिक रक्त परत येते तितक्या जोराने ते आकुंचन पावते, आणि या नियमाचे अनुकरण करणाऱ्या नियंत्रणपद्धती प्रयोगशाळांत व प्राण्यांवर तपासल्या गेल्या आहेत. अडचण आहे ती चूक झाल्यास मोजाव्या लागणाऱ्या किमतीची. खडबडीत रस्त्यावरच्या रिक्षेत बसल्यामुळे पेसमेकरला माणूस चालतो आहे असे वाटले, तर थोडा वेळ ठोके वाढतात, एवढेच. हा पंप डाव्या जवनिकेतून, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातून, रक्त उपसून ते महाधमनीत, म्हणजे शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य धमनीत, सोडतो. त्याने जवनिकेत येणाऱ्या रक्तापेक्षा अधिक रक्त उपसले, तर मात्र विहिरीतले पाणी संपल्यावर मोटर नुसती ओढत राहावी तशी अवस्था होते; फरक इतकाच, की येथे जवनिकेची मऊ भिंतच पंपाच्या तोंडाशी ओढली जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते.

हे टाळायचे तर जवनिकेतला दाब सतत आणि नेमका कळायला हवा. रक्तात वर्षानुवर्षे राहणाऱ्या संवेदकावर (सेन्सरवर) ऊतींचा थर चढतो आणि त्याची मापे हळूहळू सरकत जातात. कंट्रोलरवर दिसणारा रक्तप्रवाहही मोजलेला नसतो. वेग, मोटरने घेतलेली वीज आणि डॉक्टरांनी भरलेले हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) यांवरून काढलेला तो अंदाज असतो. पंपात गुठळी झाली तर वीज अधिक लागते आणि प्रवाह वाढल्याचा भास होतो. असल्या आकड्यावर वेगाची सूत्रे सोपवणे मला तरी धोक्याचे वाटते.

याचा अर्थ पंप अगदीच आंधळा आहे असे नाही. प्रवाहाच्या चढउतारात अचानक बदल दिसला, तर तो डॉक्टरांनी ठरवलेल्या किमान वेगापर्यंत उतरतो आणि मग हळूहळू पूर्ववत होतो. शिवाय वेग तोच असला तरी महाधमनी आणि जवनिका यांच्या दाबांतला फरक कमी झाला की त्याच पंपातून अधिक रक्त जाते. म्हणून जिना चढताना मेव्हण्यांचे स्वतःचे हृदय थोडे जोराने आकुंचन पावले, तर आकडा न बदलताही प्रवाह काहीसा वाढतो. निरोगी माणसाइतका तो वाढत नाही, म्हणून दमही लवकर लागतो. रक्तदाब चढला तर मात्र याच कारणाने प्रवाह घटतो, आणि म्हणून या रुग्णांच्या रक्तदाबावर इतके बारीक लक्ष ठेवावे लागते.

दाब-संवेदकांच्या आधारे आपणहून जुळवून घेणारे एसॉन हे फ्रान्समधील कार्मॅट कंपनीचे कृत्रिम हृदय आहे. त्याला २०२० च्या डिसेंबरमध्ये युरोपात मान्यता मिळाली. पण ते दोन्ही जवनिकांच्याच जागी बसते, त्यामुळे जवनिकेची भिंत ओढली जाण्याचा प्रश्नच तेथे उरत नाही.

जिना चढताना मेव्हण्यांचा दम पूर्वीपेक्षा वाढला असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्यांच्या पंपाच्या चमूला कळवावे. वेग टप्प्याटप्प्याने बदलत इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) दोन जवनिकांमधला पडदा कोठे सरकतो आणि महाधमनीची झडप उघडते का, हे पाहून ते नवा वेग ठरवू शकतात. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्यास किंवा घाम फार गेल्यास रक्ताचे आकारमान घटून पंपाचा इशारा वाजू शकतो. अशा वेळी किती पाणी द्यायचे हे घरच्या घरी न ठरवता त्यांनाच विचारावे.