मंत्रिपदाकडून राजभवनाकडे : काकासाहेब गाडगीळ

प्रश्न : काकासाहेब गाडगीळ केंद्रात मंत्री होते आणि पुढे पंजाबचे राज्यपाल झाले. ही नेमणूक सन्मानाची म्हणावी, की राजकारणातून बाजूला सारण्याची? राज्यपालपदानंतर पुन्हा राजकारणात येता येते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नरहर विष्णू गाडगीळ स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती सांभाळत होते. फाळणीमुळे सियालकोटवरून जम्मूला जाणारी वाट बंद झाली, तेव्हा पठाणकोटहून जम्मूमार्गे श्रीनगरपर्यंत लष्करी वाहतूक पेलेल असा रस्ता उभारण्याचे काम त्यांच्याच खात्याने हाती घेतले. भाक्रा धरणाच्या कामाचा आरंभही त्याच काळातला. १९५२ नंतर मात्र मंत्रिमंडळात त्यांना स्थान मिळाले नाही.

१९५५ च्या डिसेंबरात राज्य पुनर्रचनेवरील चर्चेत त्यांनी लोकसभेत मुंबईसह महाराष्ट्राची मागणी अत्यंत ठामपणे मांडली, परंतु काँग्रेस सोडली नाही. त्याची किंमत त्यांना १९५७ च्या निवडणुकीत मोजावी लागली. ज्या मागणीसाठी ते सभागृहात झगडले, तिच्याच लाटेवर संयुक्त महाराष्ट्र समितीचे ना. ग. गोरे पुण्यात त्यांच्याविरुद्ध निवडून आले. त्यानंतर सुमारे दीड वर्षाने, सप्टेंबर १९५८ मध्ये, काकासाहेब चंदीगडच्या राजभवनात गेले. हा क्रम पाहता, पराभूत ज्येष्ठ नेत्याची सोय लावण्याचा भाग या नेमणुकीत होता, असे मला वाटते. त्यांची योग्यता त्याने यत्किंचितही उणावत नाही.

खरी कसोटी पुढेच होती. पंजाबातही त्या वेळी भाषिक राज्याचीच मागणी पेटलेली होती. पंजाबी सुभ्यासाठी, म्हणजे पंजाबी भाषकांच्या राज्यासाठी, अकाली नेते मास्टर तारासिंग यांनी १९६१ मध्ये १५ ऑगस्टपासून अमृतसरला उपोषण केले, ते ४८ दिवस चालले. मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों यांचा या मागणीला कडवा विरोध होता आणि राज्यघटनेच्या १६३ व्या कलमानुसार राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे असते. विधिमंडळापुढील अभिभाषणसुद्धा मंत्रिमंडळानेच संमत केलेले असते. राज्यपाल ते फक्त वाचून दाखवतो. मराठी भाषकांच्या राज्यासाठी लोकसभा दणाणून सोडणाऱ्या वक्त्याला तशाच प्रश्नावर शासनाची भूमिका स्वतःच्या तोंडून मांडावी लागावी, हे मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत अवघड वळण वाटते. पक्षात राहून पक्षाशी भांडण्याची जी मोकळीक खासदाराला असते, ती राजभवनात उरत नाही.

१९६२ च्या ऑक्टोबरात त्यांचा कार्यकाळ संपला. त्यांच्या जागी पट्टम थाणू पिळ्ळै आले. ते तर केरळचे मुख्यमंत्रिपद सोडून आले होते. म्हणजे अशा नेमणुकांचा राजकीय उपयोग तेव्हाही होत होताच. साताऱ्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद काकासाहेबांना त्याच वर्षी मिळाले. पंजाबात राज्यपाल या नात्याने विद्यापीठाचे कुलपती असलेले काकासाहेब १९६४ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि जानेवारी १९६६ मध्ये निवर्तले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. राज्यपाल असताना संसदेचे वा विधिमंडळाचे सदस्य राहता येत नाही. पद सोडल्यावर निवडणूक लढवण्यास किंवा मंत्री होण्यास राज्यघटनेत कोणतीही आडकाठी नाही. सुशीलकुमार शिंदे २००४ च्या अखेरीस आंध्र प्रदेशचे राज्यपाल झाले आणि २००६ च्या आरंभी ते पद सोडून केंद्रात ऊर्जामंत्री झाले.