केंब्रिजमध्ये नवीन आहेस? आधी पायी फीर

आल्या आल्या सायकल घ्यायची घाई करू नकोस. पहिली टर्म पायी फीर, म्हणजे गल्ल्या अंगवळणी पडतील. किंग्ज परेडवर पर्यटकांची कायम गर्दी, त्यापेक्षा ट्रिनिटी लेन धर आणि गॅरेट हॉस्टेल ब्रिजवरून नदी ओलांड. आसपासचे बहुतेक पूल कॉलेजांच्या आवारात आहेत, हा मात्र सगळ्यांना खुला. चढ चांगलाच उभा आहे आणि सायकली सुसाट खाली येतात, तेव्हा कडेने चाल.

ट्रम्पिंग्टन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना उघडे पाट आहेत. 17व्या शतकात गावात स्वच्छ पाणी आणलं, त्या हॉबसन्स कंड्युइट नावाच्या कालव्याचे. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. अंधारात तिथे पाय हमखास मुरगळतो.

विद्यापीठाच्या सेनेट हाउसपाशी जरा थांबच. 1899 मध्ये आपले र. पु. परांजपे सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. ट्रायपॉसचे निकाल याच इमारतीत जाहीर होत. तिथून जाताना माझा ऊर अजूनही भरून येतो.

कॉलेजांतल्या हिरवळीवर पाय ठेवू नकोस, तो मान बहुधा फेलोंचाच, म्हणजे कॉलेजच्या अध्यापक-संशोधकांचा. रविवारी नदीकाठाने जवळच्या ग्रँटचेस्टर गावी जा. पावसाळी दिवसांत ती वाट चिखलाने भरते, म्हणून आधी चांगले वॉटरप्रूफ बूट घे, भारी कोट नंतर.